चॅनलचे आकडे रोज टिपायचे असतील तर

एखाद्या चॅनलवर १ लाख २३ हजार सबस्क्रायबर दिसतात. तीन आठवडे झाले तरी आकडा जागचा हलत नाही. ग्रुपवर लगेच निदान सुरू होतं: चॅनल बसलं, अल्गोरिदमनं दाबलं, थंबनेल बदलून पाहा. प्रत्यक्षात त्या चॅनलला रोज ४० नवे सबस्क्रायबर मिळत असतील आणि तरीही बाहेरून वाढ शून्यच दिसेल. सप्टेंबर २०१९ पासून यूट्यूब एक हजाराच्या वरचा सबस्क्रायबरचा आकडा पहिल्या तीन अंकांपुरताच उघड करतं, पुढचं सगळं शून्य करून टाकतं. १२,३४५ चे १२,३०० होतात, १,२३,४५६ चे १,२३,००० आणि १२,३४,५६७ चे १२,३०,०००. चॅनलचं पान उघडा नाहीतर एपीआयमधून (प्रोग्रामनं डेटा मागवायची यूट्यूबची सोय) मागवा, बाहेरच्याला हेच मिळतं. नेमका आकडा फक्त मालकाला, त्याच्या यूट्यूब स्टुडिओच्या पानावर. रोज ४० च्या वेगानं एक हजाराची पायरी चढायला २५ दिवस लागतात, म्हणजे जवळपास महिनाभर शून्य आणि मग एका सकाळी एकदम हजार.

नागपुरात आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत आता यूट्यूबवाल्यांचे बरेच गट आहेत. सावजी आणि तर्री-पोहा दाखवणारे, कळमना बाजारातले संत्र्याचे भाव सांगणारे, झाडीपट्टीची नाटकं चढवणारे, भीमगीतांची चॅनल्स, एमपीएससीचे क्लासवाले. असा गट जमला की कोणीतरी म्हणतंच, आपल्या सगळ्यांचे आकडे एका पानावर दिसले पाहिजेत. पान बनवणं अवघड नाही, शनिवार-रविवारचं काम आहे. पण शनिवार-रविवारात बनलेलं पान दोन महिन्यांत खोटं बोलायला लागतं. ते का, आणि काय केलं तर टळेल, ते इथे लिहितो. पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी, काहीही वापरा. खड्डे तेच आहेत.

सबस्क्रायबरपासूनच सुरुवात करू. 'आजची वाढ' हा रकाना सबस्क्रायबरसाठी ठेवायचाच नाही. त्याऐवजी चॅनलनं पायरी कोणत्या तारखेला ओलांडली ते टिपा. दहा हजार ते एक लाखाच्या मधे पायरी १०० ची, एक लाख ते दहा लाखांच्या मधे १,००० ची, दहा लाख ते एक कोटीत १०,००० ची. लागोपाठच्या दोन पायऱ्यांच्या तारखांमधलं अंतर दिवसांत मोजा आणि पायरीला त्यानं भागा. आलेला वेग बऱ्यापैकी खरा असतो. एक अडचण मात्र येते. चॅनल नेमकं पायरीच्या कडेवर असलं तर आज १,२३,०००, उद्या १,२२,०००, परवा परत १,२३,००० असं होतं. दोन-चार जण सोडून गेले, तेवढंच. तुमच्या पानावर मात्र 'हजारानं घट' असं लाल अक्षरात झळकतं आणि त्या बिचाऱ्याचा फोन येतो. म्हणून पायरी ओलांडल्यानंतर आकडा सलग तीन नोंदींत तिथेच टिकला तरच ती खरी धरा.

रोजच्या हालचालीसाठी भरवशाचा आकडा म्हणजे एकूण व्ह्यूज. तो तोडलेला नसतो, शेवटच्या अंकापर्यंत मिळतो. पण तोही क्षणाक्षणाला हलत नाही, टप्प्यानं सरकतो. त्यामुळे एखाद्या दिवशी फरक शून्य येतो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट. एका दिवसाच्या फरकावर मत बनवण्यात अर्थ नाही. सात दिवसांची बेरीज दाखवा. रविवार-सोमवारची चढउतारही त्यात आपोआप मिटते. हा फरक उणेही येऊ शकतो. मालकानं जुने व्हिडिओ काढले किंवा खासगी केले, यूट्यूबनं बनावट व्ह्यूज वजा केले, की एकूण आकडा खाली येतो. अनेकांच्या कोडमध्ये 'उणे असेल तर शून्य धरा' अशी ओळ असते. ती काढून टाका. उणे आकडा ही बातमी आहे, ती लपवायची कशाला? चॅनलवरच्या व्हिडिओंची संख्याही शेजारीच ठेवा. ती फक्त सार्वजनिक व्हिडिओंची असते, त्यामुळे व्ह्यूज घसरले आणि त्याच दिवशी व्हिडिओ ४१२ वरून ३८० झाले, तर कारण शोधत बसावं लागत नाही.

आता डेटा आणण्याकडे. यूट्यूब डेटा एपीआयच्या तिसऱ्या आवृत्तीत एका प्रोजेक्टला दिवसाला १०,००० युनिटं फुकट मिळतात. चॅनल्स-लिस्ट या विनंतीला १ युनिट लागतं आणि एका विनंतीत स्वल्पविरामानं जोडून ५० चॅनल्सचे आयडी देता येतात. म्हणजे ३०० चॅनल्सचे आकडे ६ युनिटांत येतात. तरीही लोकांचा कोटा दुपारच्या आत संपतो, कारण ते नवे व्हिडिओ शोधायला सर्च-लिस्ट वापरतात. त्याला प्रत्येक वेळी १०० युनिटं लागतात. ३०० चॅनल्सना ३०,००० म्हणजे मिळालेल्या कोट्याच्या तिप्पट. सर्चची गरजच नाही. प्रत्येक चॅनलची 'अपलोड्स' नावाची एक प्लेलिस्ट असते. चॅनलचा आयडी यूसीनं (UC) सुरू होतो. त्यातल्या सीच्या जागी यू ठेवला (UU) की त्या प्लेलिस्टचा आयडी तयार. प्लेलिस्ट-आयटम्सला १ युनिट लागतं आणि त्यातही एका दमात ५० व्हिडिओ मिळतात. ३०० चॅनल्सची ३०० युनिटं. प्रत्येकाचे ताजे १५ व्हिडिओ धरले तर ४,५०० व्हिडिओ, ते व्हिडिओज-लिस्टमधून ५०-५० नं घेतले तर ९० युनिटं. सगळं मिळून दिवसाला ३९६. नुसता 'नवीन काही आलं का' एवढंच बघायचं असेल तर चॅनलची आरएसएस फीड आहे. तिच्यात ताजे १५ व्हिडिओ येतात आणि कोट्याला धक्का लागत नाही.

कोटा संपल्याचा ४०३ हा एरर कोड आला की थांबायचं, परत परत विचारायचं नाही. ५०० किंवा ५०३ (अडचण यूट्यूबच्या सर्व्हरची) आला तर थोडं थांबून, दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करत विचारायचं. कोटा वाढवायला चार प्रोजेक्ट काढून चार एपीआय की (विनंतीसोबत द्यायच्या किल्ल्या) वापरायची युक्ती ग्रुपवर कोणी ना कोणी सुचवतोच. ती यूट्यूबच्या नियमांत बसत नाही आणि पकडली गेली तर चारही बंद होतात. कोटा भरतो तो पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि नोव्हेंबर ते मार्च दीड वाजलेला असतो. सकाळी अकराला कोटा संपला तर ग्रुपवाल्यांना 'जेवण झाल्यावर बघा' एवढंच सांगता येतं.

सगळ्यात वाईट बग या ५०-५० च्या विनंतीतच दडलेला असतो, कारण तो एरर देत नाही. तुम्ही ५० आयडी पाठवता आणि उत्तरही तुम्ही दिलेल्या क्रमानंच येईल असं धरून चालता. तसं काही बंधन नाही. शिवाय त्यातलं एखादं चॅनल बंद झालेलं असलं, तर त्याच्या जागी रिकामी ओळ येत नाही; ते गुपचूप गळतं आणि ४९ च उत्तरं येतात. कोडनं पहिलं उत्तर पहिल्या ओळीत, दुसरं दुसऱ्या ओळीत असं टाकलं असेल, तर गळालेल्या चॅनलच्या खालची प्रत्येक ओळ एक घर वर सरकते. संत्र्याच्या बागेवाल्याच्या नावापुढे एमपीएससी क्लासचे व्ह्यूज. शीटमध्ये काम करणाऱ्यांचं हे हमखास होतं. म्हणून उत्तरातल्या प्रत्येक नगाचा आयडी वाचा आणि त्या आयडीच्या ओळीतच आकडा टाका. किती आयडी पाठवले आणि किती आले याची वजाबाकी रोजच्या लॉगमध्ये लिहा. ती शून्य नसेल तर कोण गळालं त्याचं नाव छापा. पाठवलेल्यांपैकी एकही सापडलं नाही तर उत्तरात यादीच नसते, रिकामी यादीसुद्धा नाही. तिथे कोड कोसळतो, आणि कोसळला तर बरंच म्हणायचं, निदान कळतं तरी.

याच उत्तरात आणखी एक गंमत. सगळे आकडे मजकूर म्हणून येतात, संख्या म्हणून नाही. तसेच साठवले आणि क्रम लावला तर ९९९ हा १०,००० च्या वर बसतो. संख्येत बदलून घ्या आणि डेटाबेसमध्ये ६४ बिटांचा रकाना ठेवा. मायएसक्यूएल या डेटाबेसचा साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ ला संपतो. दोनशे पंधरा कोटी व्ह्यूज आपल्या गटात कोणाचे असणार, असं वाटेल. पण तुलनेसाठी कोणीतरी एखादं मोठं म्युझिक चॅनल यादीत घालतंच आणि रात्रीचं काम अडतं. एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या छोट्या डेटाबेसमध्ये हा प्रश्न नाही, आणि एवढ्या कामाला एसक्यूलाइट भरपूर आहे: ३०० चॅनल्सच्या वर्षभराच्या रोजच्या नोंदी १,०९,५०० ओळींत मावतात.

आयडीबद्दल एवढंच, की ओळख म्हणून नाव किंवा हँडल (@ नं सुरू होणारं) ठेवू नका. नाव दर दिवाळीला बदलतं, हँडलही बदलता येतं. यूसीनं सुरू होणारा २४ अक्षरांचा आयडी बदलत नाही. चॅनलच्या पानावर माहिती उघडून 'शेअर'मध्ये गेलं की तो कॉपी करता येतो. हँडलवरून आयडी काढायची सोय एपीआयमध्ये आहे, एका वेळी एक. या आयडीत लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात, पण शीटचं व्ही-लुकअप आणि मायएसक्यूएलची नेहमीची तुलना ती एकच मानतात. डेटाबेसच्या त्या रकान्याला बायनरी (अक्षर जसंच्या तसं धरणारी) तुलना लावा. व्हिडिओचे आयडी कधीकधी उणे चिन्हानं सुरू होतात आणि एक्सेल त्यांना सूत्र समजून एरर दाखवतं. तो रकाना आधीच 'मजकूर' करून ठेवायचा.

वेळ कोणती धरायची? बहुतेक जण रात्री बारा धरतात. आपल्याकडे बघणारा वर्ग रात्रीचा मोठा आहे. बारा वाजता नोंद घेतली की एकच रात्र दोन तारखांत फाटते. पहाटे सहाची नोंद बरी. नोंदीत दोन गोष्टी ठेवा: नेमकी वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणि 'कोणत्या दिवसाची' ती भारतीय तारीख. चॅनल आयडी आणि तारीख मिळून प्राथमिक की (डेटाबेस जी दोनदा येऊ देत नाही अशी ओळख) करा, म्हणजे काम चुकून दोनदा चाललं तरी ओळ एकच राहील. एखादा दिवस चुकला तर तो चुकलेलाच राहू द्या. मधला आकडा सरासरीनं भरायचा मोह होतो, कारण आलेख तुटका दिसतो. तुटकाच दाखवा. चार्ट-जेएस या आलेख काढणाऱ्या लायब्ररीत रिकाम्या जागी नल (null) दिलं की रेघ आपोआप तुटते. वेग काढताना फरकाला 'एक दिवस' नं नाही, तर दोन नोंदींमधल्या प्रत्यक्ष तासांनी भागा.

गुगल शीट आणि अॅप्स स्क्रिप्टवर काम करणार असाल तर स्क्रिप्टचा टाइमझोन आणि शीटचा टाइमझोन या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. दोन्हीकडे कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, नसेल तर सकाळची नोंद आदल्या तारखेवर पडते. तिथला रोजचा ट्रिगर 'पाच ते सहा' असा तासाचा पट्टा घेतो, ठोक्याला चालत नाही. आणि एक स्क्रिप्ट सहा मिनिटांत आटपली नाही की मधेच कापली जाते. ५०-५० च्या विनंत्या असतील तर सहा मिनिटं रग्गड झाली. एकेका चॅनलला वेगळी विनंती आणि एकेका खान्यात वेगळं लिहिणं असं केलं तर पुरत नाहीत. सगळा तक्ता मेमरीत भरून एकदाच शीटवर उतरवा.

आता तो भाग, जो ग्रुपवर कोणी वाचत नाही. यूट्यूबच्या डेव्हलपर धोरणानुसार मालकाच्या परवानगीशिवाय घेतलेला सार्वजनिक डेटा ३० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तोवर तो ताजा करायचा किंवा पुसायचा. 'सगळ्या विदर्भातल्या चॅनल्सचा पाच वर्षांचा इतिहास' हे स्वप्न इथेच अडतं. त्यामुळे पानाची रचनाच दोन कप्प्यांत करा. गटातल्या सभासदांनी गुगलच्या खात्यातून वाचण्यापुरती परवानगी द्यायची. त्यांची आकडेवारी, ती परवानगी अजून शाबूत आहे का हे दर ३० दिवसांनी तपासत, पुढे ठेवता येते. बाकीच्यांचा सरकता ३० दिवसांचा पट्टा. एकतिसावा दिवस रोज रात्री पुसला जाईल असं काम लावून टाका. गिटच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या खुल्या साठ्यात) रोजची सीएसव्ही फाइल चढवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की तिथे फाइल पुसली तरी इतिहासात राहतेच.

परवानगी घेतल्याचा दुसरा फायदा मोठा आहे. अॅनालिटिक्स एपीआयमधून त्या चॅनलला रोज किती नवे सबस्क्रायबर मिळाले आणि किती सुटले, हे न तोडलेले आकडे मिळतात. सुरुवातीचा २५ दिवसांचा घोळ तिथे उरतच नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. हा डेटा दोन-तीन दिवस मागे असतो, म्हणून शेवटचे तीन दिवस रोज नव्यानं मागवून जुन्यावर लिहा. आणि त्यातला 'दिवस' पॅसिफिक वेळेचा असतो. एप्रिलमध्ये १५ तारखेला सकाळी दहाला व्हिडिओ टाकला, तर साडेबारापर्यंतचे व्ह्यूज १४ तारखेच्या नावावर जमा होतात. तुमच्या पहाटे सहाच्या नोंदींशी हे आकडे कधीच जुळणार नाहीत, जुळवायला जाऊही नका. आलेख वेगळे ठेवा.

परवानगी मागणारा गुगलचा पडदा (कन्सेंट स्क्रीन) बनवताना लोक फसतात ते असे. प्रोजेक्ट 'टेस्टिंग' अवस्थेत सोडला तर १०० जणांच्या पुढे कोणाला जोडता येत नाही, आणि जोडलेल्यांची परवानगी सात दिवसांत संपते. दर आठवड्याला सगळ्यांनी परत लॉगिन करायचं म्हटल्यावर तिसऱ्या आठवड्यात कोणीच करत नाही. प्रोजेक्ट प्रकाशित करून गुगलची पडताळणी पूर्ण करून घ्यावी लागते. त्यासाठी गोपनीयतेचं पान आणि स्वतःचं डोमेन आधी तयार ठेवा. दुसरं, पुष्कळ चॅनल्स ब्रँड अकाउंटवर, म्हणजे माणसाच्या खात्याला जोडलेल्या वेगळ्या खात्यावर, असतात. खातं निवडताना माणूस सवयीनं स्वतःचं नाव दाबतो आणि त्याच्या रिकाम्या वैयक्तिक चॅनलचा शून्य आकडा तुमच्याकडे येतो. परवानगी मिळाल्याबरोबर त्या चॅनलचं नाव आणि चित्र दाखवून 'हेच ना?' असं विचारा. तिसरं, कमाईचे आकडे वाचायची परवानगी वेगळी असते. ती मागूच नका. कोणाला किती पैसे मिळतात हे गटाच्या सर्व्हरवर असण्याचं काहीएक कारण नाही, आणि ती मागितली की निम्मे सभासद तिथूनच परत जातात.

मराठी नावांचा शोध हा स्वतंत्र विषय आहे, पण एक उदाहरण पुरेल. 'वऱ्हाडी' हे नाव दोन प्रकारे टाइप होतं: काही कीबोर्ड ऱ हे अक्षर आणि हलन्त टाकतात, काही साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्याला दोन्ही सारखी, संगणकाला दोन वेगळी नावं. 'अ‍ॅग्रो'तलंही तसंच: कोणी एकच सबंध अक्षर वापरतं, कोणी अ वर वेगळा चंद्र देतं. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत) लावलं की सगळं सुटेल असं वाटतं. तसं होत नाही. नुक्ता देऊन केलेला ऱ त्यानं एक होतो, वरच्या दोन जोड्या तशाच राहतात. शोधासाठी नावाची वेगळी प्रत बनवा: आधी एनएफसी, मग अ अधिक चंद्राच्या जागी सबंध अक्षर, मग र-हलन्त-जोडचिन्हाच्या जागी ऱ-हलन्त, आणि शेवटी उरलेली न दिसणारी चिन्हं काढून टाका. क्रम महत्त्वाचा आहे. जोडचिन्हं आधी काढली तर 'वर्हाडी' उरतं आणि मग कशालाच काही जुळत नाही. दाखवताना मात्र मालकानं लिहिलेलं नावच दाखवा. टाइप करणारा इंग्रजी अक्षरांतही शोधतो, म्हणून हँडलही शोधात घ्या.

आकडे दाखवताना जावास्क्रिप्टला मराठी-भारत (mr-IN) असं लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाचं सेटिंग, दिलं की देवनागरी अंक आणि लाख-कोटीचे स्वल्पविराम फुकटात मिळतात. दिसायला छान. पण तोच तक्ता कोणी कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवला की १,२३,४५६ हा मजकूर ठरतो आणि बेरीज शून्य येते. पानावर देवनागरी, डाउनलोडच्या फाइलमध्ये इंग्रजी अंक, स्वल्पविरामाशिवाय, असं ठेवा. आणि त्या सीएसव्हीच्या सुरुवातीला यूटीएफ-८ चं बीओएम (फाइलची लिपी-पद्धत ओळखू देणारं) चिन्ह घाला. नाहीतर एक्सेलमध्ये सगळी मराठी नावं कचरा होऊन उघडतात आणि लोक तुमच्या नावानं बोटं मोडतात.

आलेखावर 'विशेष दिवस' नावाचा एक छोटा तक्ता जोडा. तारीख, नाव, कोणत्या प्रकारच्या चॅनल्सना लागू. आपल्याकडे याची गरज जास्त आहे. दीक्षाभूमीवरचा सोहळा दसऱ्याला असतो, आणि दसरा २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. भीमगीतांच्या चॅनलची 'मागच्या वर्षी याच आठवड्यात' अशी तुलना केली तर एका वर्षाचा डोंगर दुसऱ्या वर्षाच्या खड्ड्यासमोर येतो. तुलना तारखेशी नको, सणापासूनच्या दिवसांशी करा: उणे सात ते अधिक सात. मारबतीचं तसंच, ती तान्ह्या पोळ्याला निघते आणि तो दिवस दरवर्षी सरकतो. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत चालतो, त्यामुळे त्या चॅनल्सचा जून-जुलै बघून काळजी करायची नाही. बातम्यांच्या चॅनल्सना डिसेंबरातल्या हिवाळी अधिवेशनाची खूण लावा. आणि एक खूण सगळ्यांनाच लावा: ३१ मार्च २०२५. त्या दिवसापासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा परत फिरला तरी व्ह्यू धरला जातो, किमान किती सेकंद बघितलं ते बघत नाहीत. शॉर्ट्सवाल्या चॅनल्सचा त्यानंतरचा चढ हा बराचसा मोजपट्टी बदलल्याचा चढ आहे. त्या रेघेच्या आधीचं आणि नंतरचं एका टक्केवारीत कधी आणू नका.

शॉर्ट आणि लांब व्हिडिओ वेगळे कसे करायचे, तर डेटा एपीआयमध्ये 'हा शॉर्ट आहे' असं सांगणारा रकाना नाही. पूर्वी एका मिनिटावरून ओळखत. १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा व्हिडिओही शॉर्ट होतो, त्यामुळे नुसत्या लांबीवर विसंबता येत नाही. अपलोड्स प्लेलिस्टच्या आयडीत यूयूच्या जागी यूयूएसएच (UUSH) लावलं की फक्त शॉर्ट्स आणि यूयूएलएफ (UULF) लावलं की फक्त लांब व्हिडिओ मिळतात, पण हे अधिकृत कागदपत्रांत नाही, उद्या बंद पडू शकतं. बंद पडलं तर कोडनं 'माहीत नाही' असं लिहावं, अंदाज करू नये.

मग गटाला उपयोगी आकडा कोणता? माझ्या मते एकच: व्हिडिओ सात दिवसांचा झाला तेव्हा त्याचे व्ह्यूज. प्रत्येक व्हिडिओचे पहिल्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचे आकडे टिपले की वेगवेगळ्या वेळी टाकलेले व्हिडिओ एका पातळीवर येतात. पहिल्या दिवसाच्या नोंदीला रोजची एक खेप पुरत नाही, वय १२ तासांचं की ३० तासांचं यानं आकडा पार बदलतो. म्हणून दोन दिवसांच्या आतले व्हिडिओ तेवढे तासाला एकदा विचारा. ते ५० च्या आत असतील तर दिवसाला २४ युनिटं. नोंदीशेजारी वय तासांत लिहा. मग चॅनलच्या शेवटच्या दहा व्हिडिओंचा मध्यक घ्या, सरासरी नको. एक व्हिडिओ चालला की सरासरी महिनाभर फुगलेली राहते.

सबस्क्रायबरनुसार पहिला-दुसरा नंबर लावणारा फलक मात्र करू नका. लोकांना तोच हवा असतो, माहीत आहे. तो लागला की आठ दिवसांत ग्रुपवर 'तुम्ही मला करा, मी तुम्हाला करतो' सुरू होतं. यूट्यूबच्या बनावट सहभागाच्या नियमात ते बसत नाही, आणि न बघणारे सबस्क्रायबर घेऊन व्हिडिओला फायदाही काही होत नाही. चॅनलची तुलना त्याच्याच मागच्या २८ दिवसांशी करा. २८ घ्यायचे, ३० नाहीत, म्हणजे दोन्हीकडे चार-चार रविवार येतात.

हे सगळं चालवायचं कुठे? घरी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ठेवणारे खूप आहेत. नागपूरच्या मे महिन्यात, दुपारी बंद खोलीत, त्याची चिप ८० अंशांच्या वर गेली की तो स्वतःचा वेग कमी करतो. कूलरसमोर ठेवला तर उडणारं पाणी आणि ओल. त्यात वीज गेली की एसडी कार्डावरचा डेटाबेस लिहिता लिहिता तुटतो. ठेवायचाच असेल तर डेटाबेस एसएसडीवर, राउटरच्या छोट्या यूपीएसवर जोडणी, आणि पहाटेची वेळ. तेव्हा हवाही जरा बरी असते. गिटहबच्या अॅक्शन्सवर चालवायचं तर क्रॉनची (वेळापत्रकाची) वेळ यूटीसीत धरतात: सकाळच्या ६:०७ साठी ००:३७ लिहा. बरोबर तासाच्या ठोक्याची वेळ टाळा, तेव्हा गर्दी असते आणि काम उशिरा सुटतं. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रक आपोआप बंद होतं, आणि पान जुनेच आकडे दाखवत राहतं. म्हणून पानाच्या माथ्यावर 'शेवटची नोंद' ची तारीख-वेळ मोठ्या अक्षरात छापा आणि ती ३६ तासांपेक्षा जुनी झाली की तिचा रंग बदला.

एपीआयची की ब्राउझरच्या कोडमध्ये घालू नका, पान उघडणाऱ्या कोणालाही ती दिसते. सर्व्हरवर ठेवा, गुगल क्लाउडमध्ये ती फक्त यूट्यूब डेटा एपीआयपुरती आणि सर्व्हरच्या आयपीपुरती बांधा. बॅकअप घेताना एसक्यूलाइटची फाइल नुसती कॉपी करू नका, लिहिणं चालू असेल तर प्रत अर्धवट येते. त्याची स्वतःची बॅकअप आज्ञा आहे. आणि बॅकअप ३० दिवसांपेक्षा जुने ठेवलेत तर वरचा पुसण्याचा सगळा खटाटोप वाया गेला. सभासदानं परवानगी काढून घेतली की त्याच्या ओळी चालू डेटाबेसमधून तर जायलाच हव्यात, बॅकअपमधूनही गेल्या पाहिजेत. यासाठी 'पुसलेले आयडी' अशी एक यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि बॅकअप परत चढवणाऱ्या स्क्रिप्टची पहिलीच पायरी ती यादी वाचून त्या ओळी उडवण्याची करा.